बंद झालेली क्लासिक स्पोर्ट्स कार पुन्हा का निघत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाड्यांच्या वेड्यांची पत्रं येतात, त्यातली निम्मी एकाच वाक्याने सुरू होतात: "कंपनीने तीच गाडी पुन्हा काढली तर पहिलं गिऱ्हाईक मी." त्या वाक्यामागून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. तेच ते दोनदा सांगावं लागू नये म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. आराखडे कंपनीकडे, नाव कंपनीचं, गिऱ्हाईक तयार. मग तीच गाडी पुन्हा काढायला अडतं कुठे?

कायदा, साचे आणि खप, या तीन ठिकाणी. आज कारखान्यातून बाहेर पडणारी गाडी कायद्याच्या लेखी आजचीच असते, तिचं रूप १९६५ चं असलं तरी. साचे बहुतेक वेळा मोडीत गेलेले असतात. आणि ज्यांना ती गाडी खरोखर हवी असते ते जगभर मिळून काही हजार भरतात. कारखाना उभा करायला ते पुरत नाहीत.

आराखड्यांचंही एक गुपित आहे. जुन्या, हाताने जुळवलेल्या गाड्या आराखड्याबरहुकूम नसतात. एकदा मी एका जुन्या दोन सीटच्या गाडीच्या दारांची मापं घेत होतो. डावं दार उजव्यापेक्षा चार मिलिमीटर लांब भरलं. टेप सरकली असेल म्हणून पुन्हा मोजलं, मग तिसऱ्यांदा. टेपची काही चूक नव्हती. त्या काळी बॉडी बसवणाऱ्या कारागिराला फट दिसली की तो जागेवरच शिसं-कथलाचा थर भरायचा आणि कानशीने घासून दार चपखल बसवायचा. ते कागदावर कुठेच उतरलेलं नसतं. त्यामुळे "आराखडे आहेत" म्हणजे निम्मंच काम झालेलं असतं, तेही सोपं निम्मं.

२. रस्त्यावर जुन्या गाड्या फिरतातच की. त्यांना एअरबॅग नाही, कॅमेरा नाही. मग तशीच नवी बनवली तर गुन्हा कसा?

गाडी बनली त्या दिवशी जे नियम लागू होते, ते तिने पाळले की झालं. पुढचे नियम तिला मागे जाऊन लागत नाहीत. म्हणून १९६५ ची गाडी आजही हक्काने रस्त्यावर असते. आज बनवलेली तिची जुळी बहीण मात्र आजच्या नियमांत मोजली जाते. कायदा गाडीचा चेहरा बघत नाही, जन्मतारीख बघतो. खालचे जवळजवळ सगळे घोळ या एका गोष्टीतून निघतात. जुना चेसिस नंबर टाकून ही तारीख मागे नेता येते का, हा पुढचा प्रश्न हमखास येतो; त्याचं उत्तर प्रश्न १३ मध्ये आहे.

३. नेमके कोणते नियम आड येतात?

सगळ्यात जड जातात ते धडकेचे. अमेरिकेत नव्या गाडीला ताशी ५६ किलोमीटर वेगाने पक्क्या भिंतीवर समोरून आदळूनही आतल्या माणसांना ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त इजा होता कामा नये. बाजूने ताशी ५४ किलोमीटरच्या आसपास येणारा ढकलगाडा सोसावा लागतो आणि ताशी ३२ किलोमीटर वेगाने आडवं खांबावर जाणंही. साठच्या दशकातल्या स्पोर्ट्स कारच्या दारात काच, काच वर-खाली करायचं यंत्र आणि दोन पातळ पत्रे यांच्यापलीकडे काही नसतं. खांब थेट कुशीत येतो.

मग छत. गाडी उलटली तर छताने गाडीच्या वजनाच्या तिप्पट भार पेलला पाहिजे. म्हणजे समोरच्या काचेचे खांब जाड करायला हवेत. आणि त्या जुन्या गाड्या देखण्या दिसतात त्या बऱ्याचशा त्या बोटभर खांबांमुळेच.

चालणाऱ्या माणसाला धडक बसली तर त्याचं डोकं बॉनेटवर आपटतं. बॉनेटचा पत्रा दबायला खाली मोकळी जागा लागते, लगेच इंजिनाचा कठीण भाग असून चालत नाही. म्हणून बॉनेट उंच झाली. उघडमीट करणारे हेडलाइट नाहीसे होण्यामागेही या नियमांचा हात आहे. ते असलेल्या शेवटच्या मोठ्या कंपन्यांच्या गाड्या, लोटस एस्प्री आणि पाचव्या पिढीची कॉर्व्हेट, २००४ मध्ये थांबल्या.

इलेक्ट्रॉनिक्सची यादी दर काही वर्षांनी लांबते. गाडी घसरू न देणारी स्थिरता यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ च्या अखेरीपासून सक्तीची झाली. मागचा कॅमेरा अमेरिकेत मे २०१८ पासून. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीत आपोआप लागणारा ब्रेक, लेन सोडताना सावरणारी यंत्रणा, वेगमर्यादेची सूचना आणि अपघाताची नोंद ठेवणारी पेटी हवी. टोयोटाने जीआर८६ युरोपात जेमतेम दोन वर्षं विकली, कारण हे सगळं त्या छोट्या गाडीत नव्याने बसवणं त्यांना परवडणारं नव्हतं. तोट्याची म्हणून नव्हे, नियमाची तारीख उजाडली म्हणून गाडी गेली.

आणि ज्याचा जुन्या गाड्यांच्या चाहत्यांनी कधी विचारही केला नसेल असा नियम म्हणजे सायबर सुरक्षा. त्याच जुलै २०२४ च्या तारखेमुळे पोर्शने पेट्रोलवरच्या ७१८ बॉक्स्टर आणि केमनची विक्री युरोपीय संघात थांबवली. गाडी उत्तम, इंजिन नियमात, फक्त तिची इलेक्ट्रॉनिक रचना नव्या अटींच्या आधीची. यातून सुटल्या त्या फक्त थोड्या संख्येने बनणाऱ्या खास आवृत्त्या. त्या का सुटल्या ते प्रश्न ८ मध्ये.

४. एअरबॅग आणि एबीएस वरून बसवले की झालं, नाही का?

एबीएस जमून जातं. एअरबॅग नाही. धडक नेमकी किती जोराची आहे हे तिला काही मिलिसेकंदांत ठरवावं लागतं, आणि ते ठरतं गाडीचा पुढचा सांगाडा कसा चुरगळतो त्यावरून. जुना सांगाडा चुरगळायला बनवलेलाच नसतो. तो एक तर ताठ राहतो नाही तर भलतीकडेच वाकतो. म्हणजे आधी सांगाडा बदला, मग सेन्सरचा हिशेब नव्याने मांडा, मग स्टिअरिंग, डॅशबोर्ड, सीट, पट्टे. इथवर येईतो जुन्या गाडीतलं बाहेरचं कातडं तेवढं उरतं.

नियमाला ठिगळ लावलं की काय होतं ते एमजीबीने, एमजी या ब्रिटिश कंपनीच्या छोट्या स्पोर्ट्स कारने, दाखवून दिलंय. अमेरिकेचे बंपरचे नियम पाळायला १९७४ मध्ये तिच्या क्रोमच्या बंपरांच्या जागी काळे रबरी बंपर आले आणि ते ठरलेल्या उंचीवर यावेत म्हणून अख्खी गाडीच उचलली गेली. वळणावर ती झुकायला लागली. नियम पाळला, गाडी बिघडली. एमजीचे जुने मालक अजूनही "क्रोमवाली की रबरवाली" असं विचारतात, आणि उत्तर ऐकून त्यांचा चेहरा बदलतो.

५. इंजिन तरी तेच जुनं देता येईल की?

नाही. धुराचे नियम धडकेच्या नियमांइतकेच कडक आहेत आणि त्यांत सूट त्याहून कमी.

जुनं इंजिन सुरू झाल्यावर पहिलं मिनिट-दीड मिनिट सगळ्यात जास्त घाण ओकतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गरम व्हायचा असतो, मिश्रणात पेट्रोल जास्त असतं, थंड सिलिंडरच्या भिंतींवर ते न जळता चिकटतं. आजच्या चाचणीत हे पहिलं मिनिटही मोजलं जातं. कार्ब्युरेटर तिथे टिकतच नाही. इंजेक्शन बसवलं तरी जुन्या सिलिंडर हेडचा आकार, पिस्टनच्या कडांतली फट, व्हॉल्व्हच्या वेळा या मूळ गोष्टी आड येतात. त्या बदलायच्या म्हणजे नवं इंजिन बनवायचं.

माझदाच्या रोटरी इंजिनाचं उदाहरण बोलकं आहे. त्यात फिरणाऱ्या त्रिकोणी रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून थोडं तेल मुद्दाम आत सोडावं लागतं. ते जळतं. शिवाय ज्वलनाची जागा लांबट आणि सरकती, त्यामुळे इंधन पूर्ण जळत नाही. हे इंजिन असलेली आरएक्स-८ युरोपातल्या धुराच्या 'युरो ५' या नियमांत बसेना. २०१० मध्ये युरोपातली विक्री थांबली आणि २०१२ मध्ये उत्पादन. "आरएक्स-७ परत आणा" म्हणणाऱ्यांना माझी पूर्ण सहानुभूती आहे, पण अडचण त्या पट्ट्यांच्या टोकाशी आहे.

मग आवाज. गाडी वेग घेत जवळून जाताना किती डेसिबल, याची युरोपातली मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली आहे. ज्या गुरगुरीसाठी लोक ती गाडी मागतात, ती गुरगुरही मोजली जाते.

६. जुने साचे ठेवले का नाहीत?

पत्रा दाबायचा पोलादी साचा कित्येक टन वजनाचा असतो. एका दाराला एक पुरत नाही. ओढणं, कापणं, कडा दुमडणं असे चार-पाच लागतात. अख्ख्या गाडीचे ठेवायचे तर गोदाम लागतं, ते गंजू नयेत म्हणून माणसं लागतात, आणि भंगारात त्यांना रोख भाव येतो. गाडी बंद झाल्यावर हिशेबनीसाला वेगळं काही सुचत नाही. डेलोरियन या स्पोर्ट्स कारच्या (प्रश्न ९) बाबतीत तर त्यातले काही साचे आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ मत्स्यशेतीच्या जाळ्यांना वजन म्हणून समुद्रात सोडले गेले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

याला एक सुंदर अपवाद आहे. एमजीबी १९८० मध्ये बंद झाली, पण साचे शोधून काढून ब्रिटिश मोटर हेरिटेजने १९८८ पासून तिच्या नव्या बॉडी बनवायला घेतल्या. आधी त्या फक्त गंजलेल्या गाड्यांच्या दुरुस्तीसाठी होत्या. पण बॉडी तयार मिळते म्हटल्यावर एमजीची तेव्हाची मालक कंपनी रोव्हरने तिचा आधार घेऊन १९९३ ते १९९५ मध्ये ३.९ लिटर व्ही-८ इंजिनाची एमजी आरव्ही८ काढली. सुमारे दोन हजार बनल्या आणि बहुतेक जपानला गेल्या. माझ्या मते बंद गाडी परत आणण्याचा हा सगळ्यात शहाणा प्रयत्न. पण तारखा बघा: १९९३. प्रश्न ३ मधली निम्मी यादी तेव्हा जन्मालाच आली नव्हती.

७. खर्च एवढा कशाचा? एका गाडीत पत्रा आणि कातडं असं जातं किती!

मालाचा खर्च खरंच किरकोळ असतो. मारतो तो एकदाच करायचा खर्च, जो एक गाडी बनवा नाही तर एक लाख, तेवढाच राहतो: आरेखन, साचे, धडक चाचण्या, धुराच्या चाचण्या, सॉफ्टवेअर, कागदपत्रं.

आकडा कल्पनेतला घेऊ. समजा सगळं काटकसरीने करून हा खर्च ५ कोटी डॉलर झाला. ५०,००० गाड्या विकल्या तर प्रत्येकीवर १,००० डॉलर पडतात, कुणाला जाणवतही नाहीत. ५०० विकल्या तर प्रत्येकीवर १ लाख डॉलर, आणि अजून एकही नट आवळलेला नाही. नाकापेक्षा मोती जड. मोठ्या कंपन्यांचा एका नव्या मॉडेलवरचा खर्च तर सहज १०० कोटी डॉलरच्या घरात जातो.

काटकसरीच्या वाटा आहेत. पोलादाऐवजी मऊ मिश्रधातूचे साचे घ्यायचे, ते काही शे पत्र्यांपुरते टिकतात. लाकडी आकारावर ॲल्युमिनियम हाताने ठोकायचं. किंवा फायबरची बॉडी करायची. यात साच्यांचे पैसे वाचतात पण प्रत्येक गाडीमागे मजुरी वाढते. एक बॉनेट गुळगुळीत व्हायला कारागिराचे दिवसच्या दिवस जातात. आणि धडक चाचणीसाठी पूर्ण बनवलेल्या गाड्या मोडाव्या लागतात, तिथे काटकसर चालत नाही.

पत्रांत न विचारलेला खर्च म्हणजे पुरवठादार. एका डॅशबोर्डच्या बटणासाठी पुरवठादाराला लाखाची ऑर्डर हवी असते. तुम्ही ५०० मागता. तो नम्रपणे फोन ठेवतो. म्हणून छोट्या कंपन्यांच्या महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये कुठल्याशा साध्या गाडीचे आरसे, इंडिकेटरचे दांडे आणि दारांच्या कड्या दिसतात. हसू नका, त्या कड्यांच्या चाचण्या आधीच झालेल्या असतात.

विक्रीनंतरही मीटर चालू राहतो. अमेरिकेत गाडीत सुरक्षेचा दोष निघाला तर विक्रीपासून १५ वर्षं तो फुकट दुरुस्त करून देणं बंधनकारक आहे. पाचशे गाड्या विकून कारखाना बंद केला म्हणून ही जबाबदारी टळत नाही.

८. थोड्या गाड्या बनवणाऱ्यांना सूट असते असं ऐकलंय. खरं का?

खरं, पण सूट कुठे आहे आणि कुठे नाही हे नीट बघावं लागतं.

अमेरिकेत डिसेंबर २०१५ मध्ये थोड्या गाड्या बनवणाऱ्या उत्पादकांसाठी कायदा झाला. जगभर मिळून वर्षाला ५,००० पर्यंतच गाड्या बनवणाऱ्या कंपनीला अमेरिकेत वर्षाला ३२५ 'प्रतिकृती' विकता येतात. गाडी किमान २५ वर्षांपूर्वीच्या मॉडेलसारखी दिसली पाहिजे आणि त्या रूपाचा हक्क रीतसर घेतलेला हवा. या गाड्यांना अख्ख्या गाडीच्या धडक चाचण्या माफ आहेत. मात्र दिवे, काचा, टायर, ब्रेकच्या नळ्या, पट्टे हे सुटे भाग आजच्या मानकांचेच लागतात. आणि धुराला माफी नाही: इंजिन चालू नियमांत प्रमाणित झालेलं असलं पाहिजे. थोडक्यात जुनं अंग, नवं हृदय.

युरोपात 'लहान मालिका' म्हणून वेगळी मान्यता आहे. पूर्ण संघासाठी एका प्रकारच्या वर्षाला १,५०० गाड्या, एकाच देशापुरत्या २५०. त्यात काही चाचण्या सौम्य होतात, काही वगळल्या जातात, बऱ्याच तशाच राहतात. वर्षाला हजाराहून कमी गाड्या नोंदवणाऱ्या कंपनीला कार्बन डायऑक्साइडच्या सरासरीचं उद्दिष्टही लागत नाही. ब्रिटनमध्ये याशिवाय एकेक गाडी तपासून मान्यता देण्याची पद्धत आहे.

सापळा हा की सूट जितकी मोठी तितका गाड्यांचा आकडा लहान, आणि आकडा लहान झाला की प्रश्न ७ चं गणित परत मानगुटीवर बसतं.

९. मग ३२५ ची सूट मिळूनही डेलोरियन परत का आली नाही?

मूळ गाडी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बेलफास्टजवळ बनायची. सुमारे नऊ हजार बनल्या. नाव आणि सुट्या भागांचा उरलेला साठा पुढे टेक्सासमधल्या कंपनीकडे गेला. २०१५ चा कायदा झाल्यावर महिन्याभरातच तिने नव्या गाड्या बनवण्याची घोषणा केली. पण कायदा झाला तरी तो राबवायचे नियम लिहावे लागतात, आणि ते लागू व्हायला २०२२ उजाडलं. मधल्या काळात सुट्या भागांच्या व्यवसायाच्या संघटनेने सरकारी खात्याला कोर्टातही खेचलं होतं. तोवर ज्या इंजिनावर हिशेब मांडावा ते जुनं होतं, धुराच्या अटी पुढे सरकतात, पुरवठादार भाव बदलतात. छोट्या कंपनीला कडक नियम एक वेळ झेपतो, नियम कधी लागू होणार हेच न कळणं झेपत नाही.

१०. जॅग्वार आणि ॲस्टन मार्टिनने जुन्या गाड्या जशाच्या तशा बनवून विकल्याच ना?

विकल्या, आणि अप्रतिम बनवल्या. जॅग्वारने साठच्या दशकात आपल्या ई-टाइप स्पोर्ट्स कारच्या हलक्या, शर्यतीच्या आवृत्तीसाठी १८ चेसिस नंबर राखून ठेवले होते, त्यातले १२ वापरले गेले. उरलेले सहा नंबर २०१४ पासून बनलेल्या सहा गाड्यांना मिळाले. १९५७ मध्ये जॅग्वारच्या कारखान्याला आग लागून एक्सकेएसएस या स्पोर्ट्स कारच्या नऊ गाड्या जळाल्या होत्या. त्या नऊही नंतर नव्याने बनल्या, प्रत्येकीची किंमत १० लाख पौंडांच्या वर. ॲस्टन मार्टिनने २५ डीबी४ जीटी बनवल्या, कर वगळून १५ लाख पौंडांना एक.

पण डीबी४ जीटी ही फक्त रेसट्रॅकवर चालवायची गाडी म्हणून विकली गेली आणि ई-टाइप ऐतिहासिक शर्यतींसाठी. पासिंगचा प्रश्नच काढून टाकला की प्रश्न ३ आणि ५ दोन्ही विरघळतात. उरतो तो फक्त पैसा, आणि या गिऱ्हाइकांना तो प्रश्न नसतो.

११. नाव जुनं आणि गाडी भलतीच, हा कुठला न्याय? सुप्रा तर अर्धी बीएमडब्ल्यू आहे!

अर्धी नाही, त्याहून जास्त. २०१९ ची सुप्रा बीएमडब्ल्यू झेड४ ची भावंड आहे, इंजिन बीएमडब्ल्यूचं, आणि दोघी ऑस्ट्रियात ग्राझला मॅग्ना श्टायरच्या कारखान्यात बनल्या. यावर चिडलेली पत्रं सगळ्यात जास्त येतात. पण सरळ सहा सिलिंडरचं नवं इंजिन एका कमी खपाच्या गाडीसाठी कोरं बनवायचं म्हटलं असतं तर सुप्रा आलीच नसती. भागीदारी म्हणजे प्रश्न ७ मधला भाजक मोठा करायची युक्ती.

भागीदारी मोडली तर काय होतं ते अल्पाइनने पाहिलं. मूळ ए११० १९६२ ते १९७७ मध्ये बनली. २०१२ मध्ये रेनोने केटरहॅमबरोबर निम्मी-निम्मी कंपनी काढली, २०१४ मध्ये ते वेगळे झाले, आणि रेनोने एकटीने २०१७ मध्ये नवी ए११० आणली, जुन्याच दीएप गावात. ती मूळ गाडीसारखी दिसते, पण तिचा एकही पत्रा जुन्या गाडीला बसणार नाही. वजन मात्र ११०० किलोच्या आसपास राखलं. आजच्या नियमांत राहून ते जमवणं हीच मला तिची खरी कमाल वाटते.

१२. जुनी गाडी घेऊन तीच नव्यासारखी बांधली तर?

हा सगळ्यात चालणारा मार्ग. गाडीची ओळख जुनीच राहते, म्हणून जन्मतारीखही जुनी (प्रश्न २). कॅलिफोर्नियातली सिंगर कंपनी गिऱ्हाइकाची ९६४ प्रकारची जुनी पोर्श ९११ घेते आणि जवळजवळ सगळं बदलून परत देते. इटलीतल्या किमेराची ईव्हीओ३७ जुन्या लान्चिया बीटा माँटेकार्लोवर उभी राहते; तिच्या ३७ गाड्या ठरल्या होत्या. निस्सानने तर नव्वदच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत जुन्या २४०झेड विकत घेऊन, कारागिरांकडून नव्यासारख्या करून डीलरकडून विकल्या.

मर्यादा दोन. आधाराला लागणाऱ्या गाड्या मोजक्या, आणि मागणी वाढली की गंजक्या सांगाड्यालाही भाव चढतो. दुसरी जास्त नाजूक: किती बदललं की जुनी गाडी नवी ठरते? प्रत्येक देशाची रेषा वेगळी आहे. चेसिस किंवा मूळ सांगाडा बदलला की बहुतेक ठिकाणी धोक्याची घंटा वाजते. काम सुरू करायच्या आधी नोंदणी खात्याकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी "चालेल हो" म्हणणारा साहेब गाडी तयार होईपर्यंत बदली होऊन गेलेला असतो. हे मी अनुभवावरून सांगतोय, आणि त्या अनुभवाची आठवण म्हणून एक इंजिन अजून माझ्या गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे.

१३. कंपनीनेच जुना सांगाडा किंवा न वापरलेला जुना चेसिस नंबर वापरला तर नवी गाडी 'जुनी' ठरेल का?

नंबर जुना म्हणून गाडी जुनी ठरत नाही. जॅग्वारच्या त्या सहा नंबरांनी इतिहासातली रिकामी जागा भरली, पासिंग नाही दिलं.

याहून टोकाचं उदाहरण पोर्शचं. एअर-कूल्ड ९९३ टर्बोचा एक कोरा सांगाडा त्यांच्याकडे शिल्लक होता. त्यावर त्यांनी २०१८ मध्ये एक सोनेरी गाडी बांधली. सांगाडा अस्सल, भाग अस्सल, बनवणारी कंपनीही तीच. लिलावात तिला सुमारे ३१ लाख डॉलर आले. पण तयार झाली २०१८ मध्ये, त्यामुळे रस्त्यासाठी नोंदणी नाही, फक्त ट्रॅकवर.

१४. मूळ कंपनी बुडाली. आता ती गाडी कुणीही बनवू शकतं का?

कंपनी बुडाली तरी तिचं नाव, बोधचिन्ह आणि रूप यांचे हक्क कुणीतरी विकत घेतलेले असतात. कधी नाव एकाकडे, साचे दुसऱ्याकडे, सुटे भाग तिसऱ्याकडे. रूपाचं तर विचारू नका: २०१९ मध्ये इटलीत बोलोन्याच्या कोर्टाने फेरारी २५० जीटीओ ही कलाकृती आहे असं मानून तिच्या रूपाला संरक्षण दिलं. मूळ गाड्या अवघ्या ३६. दुसऱ्याने तसं रूप बनवायला घेतलं म्हणून फेरारी कोर्टात गेली होती.

हक्क नीट हस्तांतरित झाले की गोष्ट किती साधी होते ते केटरहॅमकडे पाहा. १९७३ मध्ये लोटसकडून सेव्हनचे हक्क घेतले, आणि ती गाडी आजही बनते.

१५. किट घेऊन स्वतः जोडली तर?

अनेक देशांत चालतं, आणि एकेका गाडीची तपासणी करून नोंदणी मिळते. धुराची अट इंजिनाच्या वयावर की गाडी जोडल्याच्या वर्षावर, हे आधी विचारा. सगळं गणित त्यावर फिरतं.

१६. इलेक्ट्रिक केली की सगळे प्रश्न सुटतील ना?

प्रश्न ५ सुटतो. आवाजाचा तर उलटा होतो, कमी वेगात मुद्दाम आवाज काढावा लागतो. प्रश्न ३ आणि ४ तसेच राहतात. वर बॅटरीच्या सुरक्षेचे नवे नियम येतात: धडकेनंतर विजेचा धोका नको, आग लागली तर बाहेर पडायला वेळ मिळाला पाहिजे. आणि वजन. ७०० किलोच्या गाडीत ३०० किलोची बॅटरी घातली की ब्रेक, स्प्रिंग, टायर सगळं बदलतं. जुन्या गाडीचं इंजिन काढून मोटर बसवणं वेगळं. ते प्रश्न १२ मध्ये मोडतं.

१७. एका देशात मान्यता मिळालेली गाडी दुसऱ्या देशात चालेल का?

युरोप, जपान आणि इतर अनेक देश १९५८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात आहेत. एकाने दिव्याला किंवा ब्रेकला दिलेली मान्यता दुसरा मानतो. अमेरिका त्यात नाही. तिथली पद्धतच निराळी: सुरक्षेच्या बाबतीत सरकार आधी शिक्का मारत नाही, उत्पादक स्वतः जाहीर करतो की गाडी नियमांत आहे, आणि नंतर खोटं निघालं तर जबर किंमत मोजतो. म्हणून थोड्या गाड्या बनवणारे बहुतेक एकच बाजारपेठ निवडतात. दोन्हीकडे जायचं तर चाचण्यांचा खर्च जवळजवळ दुप्पट.

जुन्या गाड्यांचा नियम वेगळा. अमेरिकेत २५ वर्षं झालेली परदेशी गाडी सुरक्षा नियमांच्या सुटीसह आणता येते, कॅनडात १५ वर्षं. पण ती वर्षं त्या गाडीच्या उत्पादनापासून मोजतात, मॉडेलपासून नाही. नवी प्रतिकृती या दारातून आत येत नाही.

१८. एका कंपनीने जुनी गाडी परत आणायची घोषणा केलीय. आगाऊ रक्कम भरू का?

भरण्याआधी चार गोष्टी लेखी विचारा. इंजिन कुणाचं, आणि ते कोणत्या वर्षाच्या धुराच्या नियमांत प्रमाणित आहे? मान्यता कोणत्या मार्गाने घेणार: पूर्ण, लहान मालिका, एकेक गाडी, की फक्त ट्रॅक? नावाचा हक्क कंपनीचा स्वतःचा आहे की भाड्याचा? आणि तुमची रक्कम वेगळ्या विश्वस्त खात्यात राहणार की त्याच पैशातून साचे बनणार? चौथ्या प्रश्नावर गुळमुळीत उत्तर आलं तर तुम्ही गिऱ्हाईक नाही, बिनव्याजी सावकार आहात. आकर्षक चित्रं आणि एक चालती गाडी यांवर भुलू नका. एक गाडी हाताने कुणीही बनवतं.

१९. आम्ही हजारो सह्या गोळा करून कंपनीला पाठवल्या तर फरक पडेल का?

गाडी परत येण्यात, फारसा नाही. सही फुकट असते हे कंपनीलाही कळतं. पण सुट्या भागांच्या बाबतीत फरक पडलेला आहे. निस्सानच्या निस्मोने २०१७ च्या अखेरीपासून आर३२ जीटी-आरचे बंद झालेले भाग पुन्हा बनवायला घेतले. टोयोटाने २०२० पासून जुन्या सुप्राचे आणि २०००जीटीचे काही भाग काढले. माझदाने पहिल्या पिढीच्या रोडस्टरसाठी कापडी छत आणि लाकडी स्टिअरिंग तर केलंच, पण त्या काळचा ब्रिजस्टोनचा टायरही त्याच नक्षीत पुन्हा बनवून घेतला.

सुट्या भागाला धडक चाचणी लागत नाही, आणि ऑर्डर किती आल्या ते कंपनीला त्याच दिवशी दिसतं. तेव्हा सह्यांऐवजी भागांचे नंबर पाठवा: पुढच्या काचेचं रबर, डाव्या दाराची बिजागरी, पेट्रोलच्या टाकीचा काटा. नंबर तुमच्या जुन्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये सापडेल, आणि नसेल तर भागाच्या मागच्या बाजूला ग्रीस पुसून बघा, बहुतेक वेळा तिथे ठोकलेला असतो.